वार्निशच्या डब्यातल्या गोळ्या

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दिपमाला पारोळ्याच्या स्टँडवर उतरली, तेव्हा तिला न्यायला पुनम उभी होती. स्टँडपासून घर पायी दहा मिनिटांवर. हातात एक पिशवी आणि आंब्यांची लहानशी पेटी. एवढ्यासाठी सणाची कामं टाकून भावजय स्कूटी घेऊन येते म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, हे दिपमालाने तिथेच ओळखलं. पुनमने पिशवी पायांपाशी ठेवली, पण गाडी घराकडे न वळवता किल्ल्याच्या बाजूला घेतली आणि खंदकाजवळ एका लिंबाच्या सावलीत उभी केली.

डिकीतून तिने वार्निशचा एक रिकामा डबा काढला आणि झाकण उघडून दिपमालाच्या हातात दिला. तळाशी गोळ्या होत्या. लालसर, गोल, सगळ्या एकसारख्या.

प्रेमराजच्या, म्हणजे दिपमालाच्या धाकट्या भावाच्या, दुकानात, मागच्या फळीवर, तांब्याच्या तारेच्या रिळांआड हा डबा पुनमला परवा सापडला होता. गोळी रिकाम्या पोटी घ्यायची म्हणून प्रेमराज सकाळी चहाच्या आधीच दुकानात जायचा. संध्याकाळची गोळीही तो तिथेच घ्यायचा. रिकामी पाकिटं मात्र तो न चुकता घरी आणून ठेवायचा आणि पुनम ती मोजून निर्धास्त व्हायची. आता तिने गोळ्या मोजल्या होत्या. बावन्न. म्हणजे सव्वीस दिवस.

"थोरल्या भाऊंना सांगितलं मी," पुनम म्हणाली. "ते म्हणाले, सोडली तर बरंच झालं. आईंचंही तेच. उलट मलाच म्हणाल्या, तू त्याच्या पाळतीवर राहू नको. आता तुमच्याशिवाय कोणाला सांगू, अक्का?"

दिपमालाने डब्याचं झाकण लावलं. मागच्या वर्षी संक्रांतीला प्रेमराजला रक्ताचा कर्करोग निघाला. थोरल्या भावाची, अभिमनची, तपासणी झाली आणि त्याचं काही जुळलं नाही. तेव्हा धुळ्याच्या डेपोत तिला शोधत आली होती तीही पुनमच. बारा वर्षांत या घरातलं कोणी तिच्या दारी आलं नव्हतं. नवरा कुंदन वारल्यावर त्याच्या जागी तिने एसटीत कंडक्टरची नोकरी धरली, तेव्हा नानांनी, तिच्या वडिलांनी, खाकी अंगावर घालून या उंबऱ्यावर येऊ नकोस असं सांगितलं होतं. अभिमन तेव्हा नानांच्या शेजारी उभा होता आणि गप्प होता. प्रेमराजही गप्पच होता. पुढे धुळे-जळगाव गाडीवर ड्यूटी लागली की ती आठवड्यातून सहा वेळा याच स्टँडवरून जायची आणि खाली उतरायची नाही. कधीतरी प्रेमराज खिडकीशी यायचा, डब्यात काही घेऊन. दोन मिनिटं उभा राहायचा. घरात मात्र तिचं नाव काढायची हिंमत त्याला कधी झाली नाही. या सगळ्याचा राग तिच्या मनात होताच. पण पुनम डेपोत आली आणि काय हवं ते एका वाक्यात बोलली, तेव्हा रागाला जागा उरली नव्हती.

नाना तर सहा वर्षांपूर्वीच गेले होते. दिपमालाचं जुळलं आणि गेल्या जूनमध्ये मुंबईला तिच्या शरीरातल्या पेशी घेऊन प्रेमराजला चढवल्या. आता त्याच्या नसांतून वाहणारं रक्त तिच्याच रक्ताच्या जातीचं झालं होतं. त्याचा रक्तगटसुद्धा बदलून तिचा झाला होता. आणि तेरा वर्षांनी ती आखाजीला माहेरी आली होती.

"घरी चल," ती पुनमला म्हणाली. "उद्या जेवणं होऊ दे. नानांची घागर आहे. मग बोलते."

"अक्का, मी सांगितलं असं..."

"ते मी बघते."

आखाजीच्या दिवशी घर नेहमीसारखंच कामाला लागलं. माय, मंजुळाबाई, पहाटेपासून चुलीपाशी होती. नानांच्या नावाची पाण्याची घागर मांडली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, दोन आंबे ठेवले. अभिमनने हात जोडले आणि मग घरातले एकेक जण पाया पडले. गल्लीतल्या बाया दिपमालाला बघायला येत होत्या. शेजारच्या बेबाबाईने तर तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, हिच्या रक्तावर भाऊ उभा आहे, असली बहीण पुण्याईने मिळते. माय ऐकत होती. तिने पदराने डोळे टिपले आणि दिपमालाच्या पानावर आणखी एक सांजोरी वाढली.

दिपमालाला हे आवडत होतं, आणि ते तिने स्वतःशी कबूल केलं. बारा वर्षं जिला उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं, तिच्याशी आता घरातली मोठी माणसंसुद्धा जरा वाकूनच बोलत होती. अभिमन फारसा बोलत नव्हता, पण त्याने स्वतः उठून तिच्यासाठी पाट मांडला होता. हे सगळं त्या रक्तामुळे होतं. आता त्याच रक्ताविषयी तिला जे बोलायचं होतं, ते या घराला ऐकायला आवडणार नव्हतं.

जेवणं आटोपली. बेबाबाई गेली. बाहेर ऊन इतकं होतं की गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. ओसरीवर कूलर चालू होता आणि प्रेमराज भिंतीला टेकून सुपारी कातरत होता. एरवी किडकिडीतच, पण आता त्याचे केस पुन्हा दाट आले होते, गाल भरले होते. तो तिला बरा दिसला. त्याला बघून कोणालाही तो बराच दिसला असता, हेच खरं अवघड होतं.

"प्रेमराज," ती म्हणाली, "गोळी बंद केलीस?"

सुपारी कातरायची थांबली. त्याने आधी पुनमकडे पाहिलं, मग अडकित्ता खाली ठेवला. नाही म्हणाला नाही. दोन्ही तळहात उघडून त्याने बहिणीच्या पुढे धरले.

"बघ," तो म्हणाला. "सव्वीस दिवसांनी हे हात माझे झालेत."

फेब्रुवारीपासून त्या तळहातांची काय गत होती, ते तिला फोनवर कळलं होतं. पण त्याच्या तोंडून ती असं पहिल्यांदाच ऐकत होती. कातडी लाल व्हायची, मग फोड यायचे, मग सोलून निघायची. तळपायांचंही तेच. चालताना काचांवर चालल्यासारखं. पण पायांचं त्याला एवढं नव्हतं. त्याचा सगळा धंदा बोटांचा. विहिरीवरच्या पंपाच्या जळलेल्या मोटारीतली जुनी तार काढायची, नवी तार गुंडाळून वेटोळी करायची आणि ती एकेक करून लोखंडाच्या खाचांत बसवायची. केसाएवढी बारीक तार, तिच्यावरचा लेप जरा जरी खरवडला तर मोटार पुन्हा जळते. हातमोजे घालून हे काम होत नाही. आणि मोटारी जळतात त्या नेमक्या उन्हाळ्यात. शेतकरी खांद्यावर मोटार घेऊन यायचे, त्याचे पट्ट्या बांधलेले हात बघायचे आणि काही न बोलता पुढच्या दुकानात जायचे. वीस वर्षांची गिऱ्हाइकं. कासोद्याचा भिकन तर दुकानात बसून राहिला होता, म्हणाला तू बरा हो, मी थांबतो, आणि तीन दिवसांनी त्याचा मळा वाळायला लागला तेव्हा तोही गेला.

"म्हणून बंद केली," प्रेमराज म्हणाला. "पाऊस लागेपर्यंत. मग घेईन परत."

अभिमन आतापर्यंत खाटेवर आडवा होता, तो उठून बसला. त्याचं बोलणं नेहमीसारखं सावकाश आणि शेवटचं ठरवून आल्यासारखं होतं. रक्ताचा दाखला त्याने स्वतः वाचला होता. त्यात लिहिलं होतं, दात्याच्या पेशी शंभर टक्के. बाकीच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांनीच एकेक करून सोडवल्या होत्या. मग ही एकच गोळी दोन वर्षं कशाला? आजार नाही, तर औषध कोणत्या आजाराचं? मोठ्या डॉक्टरांना गोळी लिहून द्यायची सवय असते, एवढंच त्याला कळत होतं.

मायने मान हलवली. ती घरात अहिराणीच बोलायची.

"तुनं रगत त्याना अंगमा शे," ती लेकीला म्हणाली. "मंग आते गोळी कसाले?"

सगळे दिपमालाकडे बघत होते. जणू काही तिनेच आता हो म्हणायचं आणि प्रश्न मिटवायचा. हो म्हणणं सोपं होतं. तिच्या रक्ताचाच मान होता तो. मुंबईच्या डॉक्टरांनी पेशी देण्याआधी तिला एका खोलीत बसवून जे सांगितलं होतं, ते यांच्यापैकी कोणी ऐकलं नव्हतं. तिने तेव्हा वहीत लिहूनही घेतलं होतं.

"माझं रक्त पुरं पडेलच असं नाही, माय," ती म्हणाली.

मग तिने तिला समजलं होतं तसं सांगितलं. प्रेमराजच्या आजारी पेशींमध्ये एक खास बिघाड होता. वाढत राहा, वाढत राहा असा हुकूम त्यांना आतून सतत मिळत होता. केमोने त्या मारल्या, नवं रक्त आलं, तरी दोनचार कुठेतरी हाडाच्या पोकळीत दडून राहिलेल्या असू शकतात. तपासणीत त्या दिसतही नाहीत. नवं रक्त त्यांना ओळखून मारतं, पण ते अजून वर्षाचंही नाही, त्याला वेळ लागतो. ही गोळी नेमका तो हुकूम बंद पाडते. तेवढ्या काळात नवं रक्त आपलं काम करतं. ज्यांच्या आजारात हा बिघाड असतो, त्यांच्यात आजार उलटायची भीती पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त. आणि उलटला तर पुन्हा पहिल्यापासून, तेही आधीपेक्षा कमी आशेवर.

"सणासुदीला असलं बोलू नकोस," अभिमन म्हणाला.

"कधी बोलू, भाऊ? उलटल्यावर?"

अभिमनचा चेहरा उतरला. माय उठून आत गेली. आणि तेव्हा पुनम, जी थोरल्या दिरासमोर इतक्या वर्षांत कधी उलट बोलली नव्हती, ती दाराच्या चौकटीतून म्हणाली, "अक्का बरोबर बोलताहेत. मुंबईच्या त्या खोलीच्या काचेबाहेर मी एकतीस दिवस उभी होते. मला पुन्हा तिथे उभं राहायचं नाही." आवाज चढला नव्हता, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

प्रेमराज उठला, चपला घातल्या आणि त्या उन्हात दुकानाकडे निघून गेला.

तासाभराने दिपमाला त्याच्या मागे गेली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत पंखा गरम हवा फिरवत होता आणि प्रेमराज जमिनीवर बसून एका मोटारीच्या पोटात तार भरत होता. सणाच्या दिवशी. त्याने तिला बघितलं आणि वेटोळ्याचं एक टोक तिच्या हातात दिलं. हे ताणून धर, सोडू नको. ती स्टुलावर बसली आणि धरून राहिली. त्याची बोटं खाचांतून सरकत होती, तारा एकेक करून खाचेत घातलेल्या कागदाच्या आत बसत होत्या. लहानपणी तो रेडिओ उघडून बसायचा तेव्हाही ती अशीच काहीबाही धरून बसायची. ती पाहत राहिली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हे हात असे चालताना पाहिले की ते थांबणं काय असेल, ते कळत होतं.

"डब्यात का ठेवल्यास?" तिने विचारलं.

"काय?"

"गोळ्या. नाहीच घ्यायच्या तर गटारीत टाकायच्या. ठेवल्यास कशाला?"

त्याने आणखी एक तार खाचेत बसवली. मग म्हणाला, रोज टाकायला म्हणून पाकीट फोडायचो आणि टाकवत नव्हती. हातांचं कारण खरं आहे, पण तेवढंच नाही. गोळी हातात घेतली की त्या खोलीचा वास येतो. दिवसातून दोनदा. लोक म्हणतात बरा झालास, माय म्हणते बरा झालास, आणि सकाळ-संध्याकाळ ती गोळी सांगते की नाही झालास. त्याला एकदा, काही दिवस तरी, नुसतं बरं होऊन पाहायचं होतं. पहिले दहा दिवस फार छान गेले. मग रात्री झोप जायला लागली. अंगाला हात लावून बघायचा, गाठ आहे का, ताप आहे का. कोणाला सांगणार? भाऊ तर खूश होता.

"तू रागावशील असं वाटलं होतं," तो म्हणाला. "तुझं एवढं घेतलं आणि मी असं केलं."

दिपमालाला तिच्याही मनातलं सांगणं आता भाग होतं. तिने तारेचं टोक दुसऱ्या हातात घेतलं.

"मलाही भीती वाटते," ती म्हणाली. "तुझं काही उलटलं तर या घरात म्हणतील, अक्काचं रक्त लागलं नाही. कोणी तोंडावर म्हणणार नाही. पण मग पाट मांडायचा की नाही, याचा विचार करतील. म्हणून दुपारी जरा मोहच झाला मला. म्हणावं, हो, माझं रक्त बास आहे. गोळीची गरज नाही."

प्रेमराजने वर पाहिलं. "मग म्हणाली का नाहीस?"

"बारा वर्षं तू खिडकीशी यायचास तेव्हा कोणाचं रक्त होतं तुझ्यात? मला तू हवा आहेस. मान गेला तर गेला."

त्याने मान खाली घातली आणि राहिलेलं वेटोळं पुरं बसवलं. मग दोऱ्याने टोकं बांधताना म्हणाला, "मॅडमला फोन तू कर. मला शिव्या बसतील."

शिव्या बसल्या नाहीत. जळगावच्या डॉ. रिद्धी ओस्तवाल, ज्या मुंबईच्या डॉक्टरांच्या वतीने त्याची दरमहा तपासणी करायच्या, त्यांनी दुसऱ्याच दिवशी यायला सांगितलं. दिपमालाने रजा वाढवून घेतली. बसमध्ये प्रेमराज खिडकीशी बसला.

डॉक्टरीण बाई वयाने लहान होत्या. त्यांनी आधी त्याचे तळहात उजेडात धरून पाहिले, मग तळपाय. किती दिवस बंद आहे ते विचारलं. चार आठवडे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चूक माझीही आहे," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला मी विचारते त्रास आहे का, तुम्ही थोडा आहे म्हणता, आणि मी पुढे जाते. हात दाखवा म्हणून मीच म्हणायला हवं होतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून दिपमालाला रडू येईल असं वाटलं, कारण ते फार साधं होतं. हातापायांचा हा त्रास या गोळीचा ठरलेलाच त्रास आहे. त्यासाठी गोळी कमी करता येते. काही दिवस थांबवून पुन्हा सुरू करता येते. मलम आहे, जाड मोजे आहेत, कोमट पाण्याचे शेक आहेत. निम्मी गोळी घेणं हे न घेण्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त हे सगळं दोघांनी मिळून ठरवायचं असतं. एकट्याने चोरून नाही.

"मला वाटलं, घ्यायची तर पूर्ण, नाहीतर नाहीच," प्रेमराज म्हणाला.

"तुम्हाला तसं कोणी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. त्याने स्वतःच तसं धरलं होतं.

पण आधी रक्त आणि हाडातला मगज तपासायला पाठवायचा होता. कंबरेच्या हाडात सुई घालताना प्रेमराजने टेबलाची कड धरली आणि बाहेर आल्यावर हसून म्हणाला की मोटारीचं पोट उघडतो तसंच आपलंही उघडतात. दिपमाला हसली नाही. दहा दिवसांनी निकाल येणार होता.

ते दहा दिवस तिने धुळे-जळगाव गाडीवर काढले. तिकिटं देताना हात चालत होता आणि डोकं दुसरीकडे होतं. एकदा एका माणसाला तिने पाचोऱ्याचं तिकीट दिलं, जिथे ही गाडी जातच नाही. पुनमचा रोज फोन यायचा. घरात अभिमन कोणाशी धड बोलत नव्हता, असं ती सांगायची. एकदा मात्र त्याने पुनमला विचारलं होतं, तो दाखला पुन्हा दाखव. चष्मा लावून तो अर्धा तास वाचत बसला आणि शेवटी म्हणाला की हे सगळं इंग्रजीत आहे, मी नुसते आकडे वाचले होते.

निकालाच्या दिवशी जळगावला चौघं गेली. प्रेमराज, पुनम, दिपमाला आणि न बोलावता आलेला अभिमन. त्याने पांढरा सदरा घातला होता आणि दवाखान्यातल्या खुर्चीत तो अवघडून, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता.

आजार उलटलेला नव्हता. हे बाईंनी सगळ्यात आधी सांगितलं. पुनमने तोंडावर पदर धरला. पण दात्याच्या पेशी शंभर टक्के राहिल्या नव्हत्या. अठ्ठ्याण्णव झाल्या होत्या. दोन टक्के जुनं, त्याचं स्वतःचं रक्त परत दिसत होतं. ते निरुपद्रवी असू शकेल, नसूही शकेल. एवढ्यावरून काही ठरवता येत नाही, पण वाट बघत बसण्यात अर्थ नाही. गोळी आजपासून सुरू. सकाळी एकच, संध्याकाळची नाही. महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं. आणि तरीही आकडा उतरत गेला, तर दिपमालाताईंना पुन्हा थोड्या पेशी द्याव्या लागतील. त्यांची तयारी आहे का?

"आहे," दिपमाला म्हणाली.

अभिमनने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. त्याने विचारलं की त्यात हिला काही त्रास होतो का. मागच्या वेळी त्याने हे विचारलं नव्हतं. बाईंनी सांगितलं, फारसा नाही, दोन दिवस अंग दुखतं. त्याने मान डोलावली आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "माझं काही जुळलंच नाही. नाहीतर मी दिलं असतं."

त्याच्या आवाजात जे होतं, ते दिपमालाने आजवर ऐकलं नव्हतं. सगळं घर ज्याच्या शब्दावर चालतं, त्या थोरल्या भावाला सव्वा वर्षापासून हे एकच डाचत असेल, हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. नानांच्या शेजारी उभा असलेला अभिमन तिला इतकी वर्षं दिसत होता. हा दुसरा कधी दिसला नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

गोळी पुन्हा सुरू झाली. आठवड्याने तळहात लाल झाले, पण फोड आले नाहीत. सकाळी मलम लावून मोजे घालायचे आणि अकरानंतर काम करायचं, असं प्रेमराजने बसवून घेतलं. बारीक तारेचं काम तो करायचा. जुनी जळलेली तार खेचून काढायचं अंगमेहनतीचं काम दुपारी अभिमन येऊन करायला लागला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने पक्कड उलटी धरली, असं पुनमने फोनवर सांगितलं, आणि प्रेमराजने त्याला सुलटी कशी धरायची ते दाखवलं तेव्हा तो गुपचूप शिकला.

रोज सकाळी सातच्या सुमाराला प्रेमराज दिपमालाला फोन करायचा. एकच शब्द बोलायचा. "घेतली." कधी ती डेपोत असायची, कधी गाडी मुकटी गावाच्या पुढे गेलेली असायची. ती "बरं" म्हणायची आणि फोन पिशवीत टाकायची. महिन्याच्या तपासणीला आकडा नव्व्याण्णव आला. बाईंनी गोळी तशीच ठेवली. पेशी द्यायचं काम लांबलं. पुढची तपासणी श्रावणात होती आणि त्याच्या पुढची पोळ्यानंतर. असं अजून वर्षभर तरी चालायचं होतं.

जूनच्या शेवटी एके सकाळी फोन आला नाही. सात वाजले, साडेसात झाले. गाडी पारोळ्याच्या पुढे गेली होती. तिने दोनदा लावला, तो लागला नाही. पुनमला लावला. पुनम म्हणाली, पहाटेच कासोद्याला भिकनच्या मळ्यात गेलेत, मोटार पाण्यातून काढायची होती, आणि गोळी इथे ताटलीतच राहिली. घाबरू नका, भाऊ घेऊन गेलेत.

"कोण भाऊ?"

"अभिमनभाऊ. मोटरसायकलवर. चहासुद्धा घेतला नाही."

एरंडोलच्या स्टँडवर गाडी थांबली होती. माणसं चढत होती, एक बाई पोरासाठी अर्धं तिकीट मागत होती. दिपमालाने तिकीट दिलं आणि तेवढ्यात फोन वाजला. नाव अभिमनचं होतं. नोकरी लागल्यापासून तेरा वर्षांत या नंबरवरून तिला कधी फोन आला नव्हता. तिने कानाला लावला. पलीकडे वारा होता आणि इंजिनाचा आवाज.

"गिळी त्यानी," अभिमन म्हणाला. "मी समोर उभा व्हतू."

"बरं, भाऊ."

तो लगेच ठेवील असं तिला वाटलं. ठेवला नाही.

"तू जेवनी का काही?" त्याने विचारलं.

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. गाडी भरली होती, घंटीची दोरी तिच्या हाताशी होती. ती म्हणाली की नाही, जळगावला पोचल्यावर खाईन. मग परतताना पारोळ्याला उतर, तो म्हणाला, गाडी दहा मिनिटं थांबते, मी भाकरी घेऊन उभा राहतो.

तिने हो म्हटलं आणि घंटी ओढली.